शनिवारचं लोखंड

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की आमच्या गल्लीतल्या कडुनिंबाला झोक्याचे दोर चढतात आणि माझं डोकं उठतं. सासरहून आलेल्या पोरी भर दुपारी झोके घेतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि गाणी काय, सगळी माहेराचीच. माझा भाऊ असा, माझा भाऊ तसा, भाऊ मुराळी होऊन मला न्यायला आला. मी खिडकी लावून घेते. वैशाखात, घरात चूल पेटलेली असताना खिडकी लावणारी बाई अख्ख्या धुळ्यात मी एकटीच असेन. शेजारची अक्का विचारते, ऊन लागतं का गं? मी म्हणते, हो, लागतं.

चौदा आखाज्या झाल्या, मी सणाला माहेरी गेलेली नाही. नशिराबाद काही विलायतेत नाही. धुळ्याहून बसलं की पारोळा, एरंडोल करत एस.टी. जळगावला टेकते, तिथून पुढे हाकेवर. एरंडोलच्या स्टँडवर बस थांबली की पाटीतल्या काकड्या खिडकीतून हातात यायच्या, वर तिखटमीठ. ती काकडी मला अजून आठवते. माणूस कशाकशाला मुकतो याचा हिशोब करायला बसलं तर त्यात काकडीसुद्धा धरावी लागते.

आमचे हे, ज्यांना सगळी गल्ली नाना म्हणते, गिरणीत टर्नर होते. टर्नर म्हणजे लेथवर लोखंड कातणारा. लेथवर लोखंड फिरतं, माणूस पोलादी हत्यार त्याला लावतो आणि बटाट्याची साल निघावी तशी लोखंडाची साल निघते. केसाइतका फरक पडला तरी ह्यांना बोटाला कळायचा. गिरणी बंद पडली तेव्हा ह्यांच्या बरोबरीच्यांपैकी कोणी रिक्षा घेतली, कोणी सुरतेला गेलं. हे म्हणाले, मी दुसऱ्याच्या दारात जाणार नाही, घरामागे पडवी आहे, तिथेच आपलं वर्कशॉप टाकू. मी म्हटलं, टाका. बोलायला काय जातं? पडवीत तेव्हा गोवऱ्या होत्या आणि एक विंचू होता.

गोवऱ्या हलवल्या. विंचू आपल्या पायांनी गेला. मग सुरू झाला लोखंडाचा शोध, आणि तो मी केला. हे सांगायला मला आता लाज नाही. ह्यांचा स्वभाव भिडस्त, दुकानदाराने एक भाव सांगितला की मान हलवून मोकळे. घासाघीस करायची तर बाईच हवी. जुन्या बाजारात हमीदचाचांचं भंगाराचं दुकान होतं, पांढरी दाढी, कानावर विडी. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, बेटी, तवा पाहिजे का? मी म्हटलं, व्हाइस पाहिजे, लोखंड घट्ट धरायचा, आणि जबड्याचे दात शाबूत असलेला. ते माझ्याकडे बघतच राहिले. पुढे त्यांनीच मला शिकवलं की लोखंड बघून घ्यायचं नसतं, वाजवून घ्यायचं असतं. टिचकी मारायची आणि कान द्यायचा. आवाज लांबवर गेला तर माल अखंड, ठप्प झाला तर आत कुठेतरी चीर आहे.

तशी वाजवून वाजवून एकेक वस्तू घरी आली. नवी ऐरण परवडणार नव्हती, म्हणून रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा आणला आणि बाभळीच्या ओंडक्यावर खिळवला. वरचा भाग घासून घासून असा केला की त्यात मी कुंकू लावताना तोंड बघायची. टेबल झालं मोडक्या बैलगाडीच्या साटीचं. कानशी बोथट होत्या, त्या हे बॅटरीच्या पाण्यात बुडवून ठेवायचे आणि पुन्हा धारेवर आणायचे. गंजलेले पाने, छिन्न्या, ड्रिलचे गिरमिट माझ्या वाट्याला. मी चिंच भिजत घालायची, त्या कोळात दोन दिवस सगळं बुडवून ठेवायची आणि मग राखेने घासायची. आमटीला चिंच उरत नव्हती, पण पाने आरशासारखे निघायचे. ह्यांचा व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं नाजूक माप, दमट हवेने गंजू नये म्हणून तांदळाच्या डब्यात असायचा. भात आमच्याकडे सणालाच, त्यामुळे मापाला निवांत जागा मिळाली. सासूबाई म्हणायच्या, ह्या घरात तांदूळ खायला नाही, लोखंडाला गादी शे.

त्या वर्षाइतकी मी कधीच सुखी नव्हते. हे मी आज कडू तोंडाने सांगते आहे, पण खोटं सांगत नाही. संध्याकाळी हे पडवीत उभे राहायचे आणि एकेक हत्याराला हात लावून बघायचे. मग म्हणायचे, बठ्ठं जमनं, सगळं जुळलं. आता फक्त लेथ. प्रत्येक वेळी हेच. आता फक्त लेथ. लेथ आला की पडवीचं वर्कशॉप होणार, आणि हे पुन्हा टर्नर होणार. तोवर हे नुसते हत्यारं सांभाळणारे.

ग्राइंडरचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कूलरच्या जळक्या मोटारीला नवी वायर भरून ह्यांनी धार लावायचा ग्राइंडर केला. दगड मात्र बाजारातून आणला, आणि आणला शनिवारी. सासूबाई दारातच म्हणाल्या, शनिवारी लोखंड घरात आणू नये, शनी मागे लागतो. हे हसले. म्हणाले, आई, हा दगड शे, लोखंड नाही. मोटार चालू केली, दगड गरगरला आणि दुसऱ्या मिनिटाला फुटला. एक तुकडा ह्यांच्या भुवईवर बसला, डोळा दोन बोटांनी वाचला. रक्त पुसताना हे मलाच सांगत होते की घाईत मी टिचकी मारून बघितलं नाही, दगडाला चीर होती. मला पटायला हवं होतं. हमीदचाचांनी मला दुसरं शिकवलं तरी काय होतं? पण डोक्यात चीर बसली नाही, शनिवार बसला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर त्या दिवसापासून पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

आणि मग आखाजी आली. आमच्या खानदेशात लेकीबाळींना दिवाळीपेक्षा आखाजीचं अप्रूप. सालदाराचं, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, सालसुद्धा याच दिवशी संपतं आणि नवं लागतं. माझा धाकटा भाऊ दिनू न्यायला आला. येताना बातमी घेऊन आला की नशिराबादजवळची जुनी जिन, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी, मालक मोडीत काढतो आहे. तिथे दुरुस्तीच्या खोलीत एक लेथ आहे. दिनू तेव्हा हायवेवर शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा, त्याला अशा बातम्या कळत. बातमी त्यानेच आणली, हे मी विसरलेली नाही. न्याय करायचा तर सगळ्यांचा करावा.

मी ह्यांनाही बरोबर घेतलं. गिरणीकडून सुटलेले पैसे पिशवीत, पिशवी माझ्या पोटाशी. आखाजीच्या सकाळी आम्ही दोघं जिनवर गेलो. आवारात वाळलेलं गवत, कोपऱ्याकोपऱ्यात रुईचे पुंजके, आणि सरकीचा तो खवट वास. खोलीत पोत्यांखाली लेथ होता. सहा फुटी, जुना, पट्ट्यावर चालणारा. ह्यांनी पोती काढली. बेडवरून, म्हणजे लेथच्या लांब सपाट पाठीवरून, तळवा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. लोखंड धरून फिरवणारा चक हाताने फिरवला, कान लावला. मला म्हणाले, तूच वाजवून पाहा. मी टिचकी मारली. आवाज बराच वेळ खोलीत राहिला.

जिनचे मुनीम सज्जन होते. म्हणाले, मला हे आवार लवकर रिकामं करायचं आहे, जो पहिला पैसे देईल त्याचा लेथ. तुम्ही आत्ता द्या, गाडी मी बघतो. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीसाठी. मी पिशवी दोन्ही हातांनी धरली आणि म्हटलं, आज शनिवार आहे.

हे म्हणाले, "अगं, आखाजी शे. आज काय मुहूर्त पाहाना? आज आणलं ते कधी सरत नाही म्हणतात."

मी म्हटलं, "शनिवारी लोखंड घरात नको. उद्या पाहू."

हे तेव्हा अडून बसले असते तर मी पिशवी दिली असती का? चौदा वर्षं हा प्रश्न मी स्वतःला विचारते आहे. बहुतेक दिली असती. पण ह्यांच्या भुवईवर टाके पडले होते, टाक्यांची खूण अजून ताजी होती, आणि मी तिच्याकडे बघत होते. हे ते समजले. म्हणाले, बरं, उद्या. मुनीम म्हणाले, बाई, शब्द देत नाही, कोणी आलं तर मी थांबणार नाही. मी मनात म्हटलं, आखाजीच्या दिवशी कोण येतं, सगळं गाव पत्ते कुटत बसलेलं असतं. इसार देऊन ठेवावा, चार पैसे हातावर ठेवून सौदा बांधून टाकावा, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. बाजारात चवलीपावलीसाठी भांडणारी मी, त्या दिवशी अक्कल कुठे गहाण टाकली होती कोण जाणे.

माहेरी मांडे झाले होते, खापरावरचे, पातळ, आणि पातेलंभर आंब्याचा रस. जेवायला बसलो आणि माझी जीभ सुटली. जिभेला हाड नसतं हे खरं आहे. मी सगळ्यांना लेथ सांगितला. बेड किती सरळ, आवाज किती स्वच्छ, मुनीम किती भला, आणि शनिवार आहे म्हणून उद्या सकाळी कसे पैसे देणार. मिरवत होते मी. माहेरी लेकीला मिरवायला एवढंच असतं, नवऱ्याचं काहीतरी. दिनूने मला दोनदा रस वाढला. मग हात धुतले आणि पत्ते खेळायला जातो म्हणून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी आंघोळी करून, देवाला हळदकुंकू वाहून, चहा घेऊन आम्ही जिनवर पोचलो. खोलीत पोती होती. फरशीवर लेथ उभा होता तिथे बोल्टांची चार भोकं होती आणि वर्षानुवर्षं मुरलेल्या तेलाचा काळा चौकोन. मुनीम गोंधळले. म्हणाले, अहो, तुमच्याच घरी गेला ना? तुमच्या भावाने काल दुपारीच इसार दिला आणि आज उजाडताच गाडी लावून नेला. मला वाटलं, तुम्हीच पाठवलं. हे वाकले आणि त्या काळ्या चौकोनावरून बोट फिरवलं. मग ते बोट धोतराला नाही पुसलं, तसंच धरून चालत आले.

दिनू त्याच्या हायवेवरच्या शेडमध्ये होता. हमाल लेथ गाडीतून उतरवत होते. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. माझं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "ताई, तू वार पाळला, मी आखाजी पाळली. आणि इसार म्हणजे काही लोखंड नव्हे. लोखंड मी आज रविवारीच उचललं ना?"

त्याच्याकडे उत्तर तयार होतं, आणि ते आमच्याच शास्त्रातलं होतं. म्हणजे तोही शनिवार मानत होता. फक्त त्याला पळवाट माहीत होती आणि मला नव्हती. याचा राग मला त्याच्या लबाडीपेक्षा जास्त आला.

पण मला मारलं ते पुढच्या गोष्टीने. दिनूला लेथ चालवता येत नव्हता. त्याने तो भुसभुशीत मातीवर, नुसत्या विटांवर ठेवला होता. हे तिथे उभे होते, जायला निघालो होतो, आणि ह्यांचा पाय निघेना. म्हणाले, असा ठेवला तर बेड पीळ खाईल, मग जन्मभर वाकडं कातेल. दुसऱ्या आठवड्यात हे धुळ्याहून आपली लेव्हल, म्हणजे पातळी बघायचं माप, माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून नशिराबादला गेले. चार दिवस राहिले. पाया खणून घेतला, लेथ बसवला, रेघेवर आणला, दिनूला हत्यार धरायला शिकवलं. परत आले तेव्हा ह्यांच्या सदऱ्याला लोखंडाच्या किसाचा वास होता. मी म्हटलं, तुम्हाला लाज नाही? तर म्हणाले, लेथचा काय दोष?

मला कधी एक शब्द बोलले नाहीत. माझ्यावर ओरडले असते, ताट भिरकावलं असतं, तुझ्या शनिवाराने माझं वाटोळं केलं असं म्हणाले असते, तर मी रडले असते आणि सुटले असते. नाही बोलले. पडवीत खिडक्यांच्या जाळ्या, गेट, शेगड्या करत राहिले. हातकरवत, कानस, हातोडा, गॅसची वेल्डिंग. पोट भरलं, नाही असं नाही. पण गल्लीत आधी टर्नर नाना म्हणायचे, ते हळूहळू गेटवाले नाना झाले. तिकडे दिनूचं बरं चाललं. पाण्याच्या मोटारींचे बुश, शाफ्ट, केळीवाल्यांची कामं यावलपर्यंतची. आधी एक लेथ, मग तीन. आखाजीला आणलेलं खरंच सरत नाही असं दिसतं.

दर वर्षी तो मुराळी पाठवायचा. आधी स्वतः आला, दारातून परत गेला. मग माणसं पाठवली. मी नाही गेले. आई गेली तेव्हा गेले, तेवढंच.

परवा त्याचा मुलगा आला. जळगावला कॉलेजात शिकतो, मिशा फुटल्या आहेत, बोलायला गोड. मला फुई म्हणतो, ह्यांना फुवा. मी त्याला आंब्याचा रस दिला. पोराचं काय चुकलं? हे पडवीत कानस चालवत बसले होते. डोळ्याला आता जाड चष्मा, पण घासणं एका तालात. पोरगा म्हणाला, पप्पांनी नवी मशीन आणली, तो जुना लेथ आता कोणी वापरत नाही, भंगारात काढला. गाडी उद्या उजाडताच येणार. पण पप्पा म्हणाले, आधी फुवांना विचार. पाहिजे असेल तर आज हो म्हणा, मी निरोप देतो, ते गाडी थांबवतील. पैशाचं काही नाही.

कानस थांबली. मी दारात उभी होते. चौदा वर्षं मी त्या काळ्या चौकोनाचं स्वप्न बघत होते, आणि लेथची जागा पडवीत अजून रिकामी आहे, हे मला त्या क्षणी कळलं. टेबल एका बाजूला, ऐरण दुसऱ्या बाजूला, मध्ये सहा फूट मोकळे. ह्यांनी तिथे कधी काही ठेवू दिलं नव्हतं.

ह्यांनी चष्मा काढला, सदऱ्याने पुसला आणि विचारलं, "आज कोनता वार शे?"

पोरगा म्हणाला, "शनिवार. म्हणून तर आलो. शनिवारी आमच्या कारखान्याला सुट्टी असते."

"मग नको," हे म्हणाले. "उद्या पाहू."

मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. टोमणा शोधत होते मी. चौदा वर्षांचा साठलेला टोमणा, आता तरी बाहेर पडला असेल, मला हवाच होता तो. नव्हता. ह्यांनी अगदी सरळ विचारलं होतं. ग्राइंडरच्या दगडाला चीर होती हे रक्त पुसतानासुद्धा सांगणारा माणूस, आता मनापासून शनिवार पाळत होता. कधीपासून, मला कळलंही नाही. बायकोला दोष द्यायचा नाही, मेहुण्याला द्यायचा नाही, मग कुणाला तरी द्यायलाच हवा. ह्यांनी तो वाराला दिला आणि त्यावर चौदा वर्षं काढली. माझाच शनिवार, मीच ह्यांच्या पडवीत आणून बसवला होता.

मी आत गेले, डब्यातून नोट काढली आणि पोराच्या हातावर ठेवायला पुढे केली. मला वाटलं, चौदा वर्षांनी का होईना, अक्कल आली. म्हटलं, "अहो, इसार देऊन ठेवू. इसार म्हणजे काही लोखंड नव्हे."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा डोळ्यावर चढवला आणि कानस उचलली.

"ते दिनूचं काम शे," हे म्हणाले. "आपलं नही."

पोरगा उरलेला रस पिऊन निघून गेला. नोट माझ्या हातातच राहिली. रविवारी उजाडताच नशिराबादला भंगाराची गाडी आली असेल. आम्ही विचारलं नाही.